ग्रह कशाचे बनले आहेत? खडकाळ ग्रह आणि वायूचे महाग्रह यांच्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुर्बिणीतून गुरूचे पट्टे किंवा शनीची कडी पाहून झाली की बहुतेकांच्या तोंडून एकच प्रश्न निघतो: हे नेमकं कशाचं आहे? त्या प्रश्नाला फुटलेले फाटे आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या शंका इथे एकत्र केल्या आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

या विषयातला निम्मा घोळ नावांमुळे होतो. 'खडकाळ', 'वायूचा', 'बर्फाळ' ही नावं ग्रह कोणत्या मालापासून बनला ते सांगतात. तो माल आज ग्रहाच्या पोटात कोणत्या अवस्थेत आहे, हे त्या नावातून कळत नाही. एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं बरंच सोपं जाईल.

१. खडकाळ ग्रह कोणते आणि वायूचे महाग्रह कोणते? हे ठरवतात कशावरून?

बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे चार खडकाळ ग्रह. गुरू आणि शनी हे वायूचे महाग्रह. जुन्या पुस्तकांत युरेनस आणि नेपच्यूनही याच गटात दिसतात, पण त्यांचा घाट वेगळा आहे, म्हणून हल्ली त्यांना बर्फाळ महाग्रह म्हणतात (प्रश्न ९).

पहिली कसोटी घनतेची. पाण्याची घनता १ धरली तर बुधाची ५.४३, शुक्राची ५.२४, पृथ्वीची ५.५१ आणि मंगळाची ३.९३ येते. गुरूची मात्र १.३३, शनीची ०.६९, युरेनसची १.२७ आणि नेपच्यूनची १.६४. दोन टोळ्या आकड्यांतच वेगळ्या पडतात. गुरूचं वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट आहे, तरीही त्याची घनता पृथ्वीच्या पाव भागाइतकीच भरते. म्हणजे त्याच्यात भरलेला माल मुळातच हलका असला पाहिजे.

२. खडकाळ ग्रह म्हणजे नुसता दगडाचा गोळा का?

नाही. पृथ्वीच्या वजनात सर्वांत मोठा वाटा लोखंडाचा आहे, सुमारे ३२ टक्के. त्याखालोखाल ऑक्सिजन ३० टक्के, सिलिकॉन १५ आणि मॅग्नेशियम १४. ही चार मूलद्रव्यंच नव्वद टक्क्यांच्या वर जातात. निकेल, गंधक, कॅल्शियम, ॲल्युमिनियम ही मंडळी उरलेल्या थोडक्या भागात.

ऑक्सिजनचा आकडा पाहून अनेक जण चमकतात. हा ऑक्सिजन हवेतला नाही. तो सिलिकॉन, मॅग्नेशियम, लोह यांच्याशी घट्ट बांधला गेलेला आहे, आणि अशा संयुगांनाच सिलिकेट म्हणतात. जमिनीवरचा साधा दगड उचला, त्याच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग ऑक्सिजनचा असतो.

लोखंड बहुतेक सगळं खाली गेलं. पृथ्वी तरुण आणि वितळलेली असताना जड लोह, निकेलसह, केंद्राकडे उतरलं आणि हलके सिलिकेट वर राहिले. म्हणून आज २,८९० किलोमीटर खोलीपर्यंत सिलिकेटचं प्रावरण आहे आणि त्याखाली धातूचा गाभा. आपण ज्यावर उभे आहोत ते कवच या सगळ्यावरचा पातळ पापुद्रा. महासागरांचं पाणी तर पृथ्वीच्या वजनाच्या दहा हजार भागांतले जेमतेम दोन-सव्वादोन भाग. निळा ग्रह म्हणून आपण जिचं कौतुक करतो ती पृथ्वी वजनाच्या हिशेबात कोरडीच आहे.

३. एवढ्या खोल कोणीच गेलेलं नाही. मग आत लोखंड आहे हे कळलं कसं?

हा माझ्या सर्वांत आवडीचा प्रश्न, कारण याचं उत्तर एका पुराव्यात मिळत नाही. रशियातल्या कोला द्वीपकल्पावर माणसाने खणलेलं सर्वांत खोल छिद्र १२,२६२ मीटरचं आहे, आणि पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. तेव्हा खणून उत्तर मिळणार नाही हे उघडच आहे.

पहिला धागा वजनाचा. १७९८ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी शिशाच्या गोळ्यांमधलं अतिसूक्ष्म गुरुत्वाकर्षण मोजलं आणि त्यावरून पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाच पटींच्या जवळ असल्याचं दाखवलं. पृष्ठभागावरचे खडक पाण्याच्या पावणेतीन ते तीन पट जड असतात. वरचं हलकं आणि सरासरी जड, म्हणजे पोटात खूपच जड काहीतरी दडलेलं असणार.

दुसरा धागा भूकंपाचा. भूकंपाच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून जाताना वाकतात, परावर्तित होतात, काही वाटेतच अडतात. आडव्या हेलकाव्याच्या लहरींना द्रवातून जाता येत नाही. रिचर्ड ओल्डहॅम यांनी १९०६ मध्ये या लहरींवरून गाभा असल्याचं दाखवलं. १९३६ मध्ये इंगे लेहमान या डॅनिश विदुषीने द्रव गाभ्याच्या आत आणखी एक, वेगळा गाभा आहे हे लहरींच्या बारीक नोंदींवरून ओळखलं. त्या आतल्या घन गाभ्याची त्रिज्या सुमारे १,२२० किलोमीटर आहे. तिथे तापमान पाच हजार अंश सेल्सियसच्या पुढे असूनही लोह घन राहतं, कारण दाब वातावरणाच्या छत्तीस लाख पटींपर्यंत पोचतो.

तिसरा धागा फिरण्याचा. वजन केंद्राजवळ गोळा झालेलं असेल तर गोल एका तऱ्हेने फिरतो, सगळीकडे सारखं पसरलेलं असेल तर दुसऱ्या तऱ्हेने. हे एका आकड्यात मांडतात. आतून-बाहेरून एकसारख्या गोलासाठी तो ०.४ येतो आणि वजन जितकं मध्यभागी, तितका तो घटतो. चंद्रासाठी ०.३९३, मंगळासाठी ०.३६४, पृथ्वीसाठी ०.३३. चंद्राच्या पोटात लोखंड फार थोडं आहे, हे या एका आकड्यातून दिसतं.

चौथा धागा थेट हातात धरता येतो: अशनी. त्यांतले काही जवळपास शुद्ध लोह-निकेलचे असतात. ते फुटलेल्या छोट्या ग्रहांच्या गाभ्यांचे तुकडे आहेत. अशनींचा आणखी एक दुर्मीळ प्रकार आहे, कार्बनयुक्त आणि कधीच न वितळलेला. त्यातल्या मूलद्रव्यांचं प्रमाण, सहज उडून जाणारे वायू सोडले, तर सूर्याच्या प्रमाणाशी जुळतं. ग्रहांचा कच्चा माल काय होता, याची ती जपून राहिलेली यादीच आहे.

४. चारही खडकाळ ग्रह आतून सारखेच आहेत का?

माल तोच, प्रमाण वेगळं. बुधाची गोष्ट सर्वांत विलक्षण. त्याची त्रिज्या २,४४० किलोमीटर, आणि त्यातले सुमारे २,००० किलोमीटर नुसता धातूचा गाभा. वरचं खडकाचं आवरण सालीसारखं. घनतेच्या यादीत पृथ्वी बुधाच्या किंचित पुढे आहे खरी, पण ती स्वतःच्याच वजनाने दाबली गेल्यामुळे. हा दाब हिशेबातून काढून टाकला तर पृथ्वी ४ च्या आसपास येते आणि बुध ५.३ वर राहतो.

बुधाचं खडकाचं आवरण गेलं कुठे? प्रचंड टकरीत उडालं, हा एक विचार. कोवळ्या सूर्याच्या धगीत वाफ होऊन गेलं, हा दुसरा. २०११ ते २०१५ या काळात बुधाभोवती फिरलेल्या मेसेंजर यानाला तिथे गंधक आणि पोटॅशियम ही उष्णतेने सहज उडणारी मूलद्रव्यं भरपूर सापडली, त्यामुळे वाफेच्या कल्पनेची बाजू पडती झाली.

मंगळावर नोव्हेंबर २०१८ मध्ये उतरलेल्या इनसाइट यानाने भूकंपमापक ठेवला. त्याच्या नोंदींवरून मंगळाचा गाभा वितळलेला आहे, आणि अपेक्षेपेक्षा हलका आहे, असं दिसलं. लोखंडात गंधकासारखी हलकी मूलद्रव्यं बरीच मिसळलेली असली पाहिजेत. शुक्राबद्दल थोडक्यात: आकार आणि घनता पृथ्वीच्या इतकी जवळ आहे की आतली रचनाही तशीच धरली जाते.

५. गुरू वायूचा आहे, तर यान त्याच्यातून आरपार जाईल का?

जाणार नाही. नावाने होणारा सर्वांत मोठा गैरसमज हाच.

गुरूला पाय टेकायला पृष्ठभाग नाही, एवढं खरं. वर अमोनियाच्या बर्फकणांचे ढग, खाली अमोनिया आणि गंधकाच्या संयुगाचे, त्याखाली पाण्याचे. मग नुसता हायड्रोजन आणि हेलियम, खोलीगणिक अधिक दाट, अधिक तापलेला. वायू कुठे संपला आणि द्रव कुठे सुरू झाला अशी रेघ तिथे ओढताच येत नाही, एकाचं दुसरं नकळत होत जातं. ७ डिसेंबर १९९५ रोजी गॅलिलिओ यानाची कुपी सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने गुरूच्या वातावरणात शिरली. तिने सुमारे तासभर माहिती पाठवली. शेवटी दाब पृथ्वीवरच्या हवेच्या दाबाच्या वीस पटींच्या पुढे गेला आणि ती गप्प झाली. एवढं करून ती दीडशे किलोमीटरच्या आसपास उतरली होती, आणि गुरूची त्रिज्या आहे सुमारे ७०,००० किलोमीटर.

त्याखाली काय, ते पदार्थविज्ञान सांगतं. दाब वातावरणाच्या दहा-वीस लाख पटींवर गेला की हायड्रोजनच्या अणूंतले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि हायड्रोजन धातूसारखा वीज वाहू लागतो. युजीन विग्नर आणि हिलर्ड हंटिंग्टन यांनी १९३५ मध्ये हायड्रोजनचं असं धातुरूप शक्य असल्याचं मांडलं. १९९६ मध्ये प्रयोगशाळेत क्षणभर प्रचंड दाब देऊन द्रव हायड्रोजन खरोखरच विद्युतवाहक झालेला दिसला. गुरूचा बहुतांश भाग या द्रव धातूचा आहे आणि त्याचं अफाट चुंबकीय क्षेत्रही तिथेच तयार होतं. तेव्हा वायूचा हा महाग्रह प्रत्यक्षात बराचसा द्रव धातूचा आहे, फक्त तो धातू हायड्रोजन आहे.

६. मग गुरूच्या मधोमध दगडाचा गोळा आहे की नाही?

वर्षानुवर्षं पुस्तकांत एक नीटस चित्र छापलं जायचं: मध्ये खडक-बर्फाचा टणक गाभा, भोवती हायड्रोजन. जुलै २०१६ पासून गुरूभोवती फिरणाऱ्या जूनो यानाने गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक मोजले आणि ते चित्र मोडलं. जड पदार्थ आहेत, पण गोळ्याच्या रूपात नाहीत. ते हायड्रोजनमध्ये विरघळल्यासारखे पसरलेले आहेत आणि हा पातळ झालेला गाभा गुरूच्या त्रिज्येच्या बऱ्याच भागापर्यंत पोचतो.

शनीचंही तसंच निघालं, आणि ते कळलं त्याच्या कड्यांवरून. शनी आतून थरथरतो, त्यामुळे त्याचं गुरुत्वाकर्षण किंचित हलतं आणि कड्यांमध्ये तरंग उठतात. शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानाने टिपलेल्या या तरंगांवरून २०२१ मध्ये हिशेब मांडला गेला. त्यानुसार शनीचा अस्पष्ट कडेचा गाभा त्याच्या त्रिज्येच्या सुमारे ६० टक्क्यांपर्यंत पसरला आहे. कड्यांचा असा भूकंपमापक होईल ही कल्पनाच मला फार सुंदर वाटते.

७. शनी पाण्यावर तरंगेल हे खरं का?

घनता ०.६९, म्हणून सरासरीच्या हिशेबात पाण्यापेक्षा हलका, इतकंच खरं. एवढं मोठं पाणी एकत्र आणलं तर तोच एक ग्रह होईल, आणि शनी घट्ट चेंडूसारखा नाही, त्यामुळे तो त्यावर तरंगत बसणार नाही. दोघं एकमेकांत मिसळतील.

८. सगळे ग्रह एकाच ढगातून जन्मले, तर आतले खडकाचे आणि बाहेरचे वायूचे कसे झाले? जड पदार्थ सूर्याकडे बुडाले का?

'जड आत बुडालं, हलकं बाहेर उडालं' हे उत्तर सर्रास ऐकू येतं, पण ते बरोबर नाही. कोवळ्या सूर्याभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीत सगळीकडे जवळपास एकच मिश्रण होतं: वजनाने ९८ टक्क्यांहून जास्त हायड्रोजन आणि हेलियम, बाकी सगळी मूलद्रव्यं मिळून दीड टक्क्याच्या आसपास. फरक पडला तो तापमानाने. कुठे काय घन राहू शकतं, हे त्याने ठरवलं.

सूर्याजवळच्या उष्णतेत फक्त लोह आणि सिलिकेट घनरूपात टिकत होते. एकूण मालात ते फारच थोडे, म्हणून तिथले ग्रह लहान राहिले. दूर, जिथे तापमान उणे १०० अंश सेल्सियसच्या आसपास उतरलं, तिथे पाण्याचा बर्फ गोठू लागला. या सीमेला हिमरेषा म्हणतात आणि ती आजच्या मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये कुठेतरी होती. विश्वात विपुलतेच्या क्रमाने ऑक्सिजन हायड्रोजन-हेलियमनंतर तिसरा आहे, त्यामुळे पाणीही मुबलक. हिमरेषेपलीकडे ग्रह बांधायला एकदम भरपूर घन माल मिळाला. तिथला एखादा गोळा पृथ्वीच्या दहा पटींच्या आसपास गेला की त्याचं गुरुत्वाकर्षण भोवतालचा हायड्रोजन आणि हेलियम ओढून धरू लागतं, आणि मग तो झपाट्याने फुगतो.

यात वेळेची शर्यतही होती. तबकडीतला वायू काही दशलक्ष वर्षांतच पांगला. गुरू आणि शनी यांना तो वेळेत गाठता आला. पृथ्वी पूर्ण घडेपर्यंत वायू निघून गेला होता, आणि हायड्रोजन धरून ठेवण्याइतकी ती ना मोठी होती ना थंड.

९. युरेनस आणि नेपच्यून बर्फाचे गोळे आहेत का?

ग्रहविज्ञानात पाणी, अमोनिया आणि मिथेन या तिघांना मिळून 'बर्फ' म्हणायची पद्धत आहे, मग ते गोठलेले असोत वा नसोत. या दोन ग्रहांच्या पोटात तापमान हजारो अंश आहे, त्यामुळे आपल्या ओळखीचा बर्फ तिथे नाही. आत पाणी-अमोनिया-मिथेनचा दाट, तापलेला, वीज वाहणारा द्रव आहे, खाली खडक आणि धातू, आणि वर हायड्रोजन-हेलियमचं आवरण. हे आवरण वजनाच्या दहा-वीस टक्क्यांच्या घरात. गुरूमध्ये हेच दोन वायू नव्वद टक्क्यांच्या आसपास जातात. म्हणून हा गट वेगळा.

दोघांना जवळून पाहिलेलं यान एकच, व्हॉयेजर २: युरेनसला जानेवारी १९८६ मध्ये, नेपच्यूनला ऑगस्ट १९८९ मध्ये. त्यांचा निळसर रंग मिथेनमुळे, तो लाल प्रकाश शोषतो. युरेनसच्या ढगांत हायड्रोजन सल्फाइड असल्याचं २०१८ मध्ये स्पष्ट झालं. कुजलेल्या अंड्यांना ज्याचा वास येतो तोच हा वायू.

हिऱ्यांच्या पावसाबद्दल फार विचारलं जातं. प्रचंड दाबाखाली मिथेनमधला कार्बन सुटा होऊन हिरे बनावेत आणि ते खाली सरकत जावेत, अशी ती कल्पना. २०१७ मध्ये प्लास्टिकवर शक्तिशाली लेसरचे तडाखे देऊन तसाच दाब क्षणभर निर्माण केला गेला, तेव्हा अतिसूक्ष्म हिरे खरोखर तयार झाले. प्रत्यक्ष ग्रहावरचा असा पाऊस मात्र कोणी पाहिलेला नाही.

१०. गुरूवर इतका हायड्रोजन आहे, तर तो पेट का घेत नाही? तारा का झाला नाही?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हायड्रोजन जळायला मोकळा ऑक्सिजन लागतो, आणि गुरूवर तो नाही. जो आहे तो पाण्यात आधीच बांधला गेला आहे. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, प्रचंड अग्निगोल उठले, पृथ्वीएवढे काळे डाग पडले. गुरू पेटला नाही.

तारा जळत नाही, त्याच्या गाभ्यात हायड्रोजनच्या केंद्रकांचं हेलियम होतं. त्यासाठी गुरूच्या साधारण ८० पट वस्तुमान लागतं. गंमत अशी की वस्तुमान इतकं वाढवूनही आकार फारसा वाढत नाही, कारण माल दाबला जातो. सर्वांत लहान ताऱ्यांचा आकार गुरूच्या जवळपासच असतो.

११. गुरूचं मिश्रण तंतोतंत सूर्यासारखंच आहे का?

साधारण तसंच, पण फरक बोलके आहेत. गॅलिलिओच्या कुपीला (प्रश्न ५) वरच्या थरांत हेलियम अपेक्षेपेक्षा थोडं कमी आढळलं आणि निऑन तर सूर्याच्या जेमतेम दशांश. कारण खोलवर, धातुरूप हायड्रोजनमध्ये हेलियम नीट मिसळत नाही. त्याचे थेंब होऊन ते खाली पडतात आणि निऑन त्या थेंबांत विरघळून सोबत जातं. शनी गुरूहून थंड, म्हणून तिथे हा हेलियमचा पाऊस अधिक. पडणाऱ्या थेंबांतून उष्णता सुटते. शनी सूर्याकडून मिळते त्याच्या जवळपास दुप्पट उष्णता बाहेर टाकतो, त्यामागचं हे एक मोठं कारण.

उलट कार्बन, गंधक यांसारखी जड मूलद्रव्यं गुरूवर सूर्याच्या काही पट आहेत. जन्माच्या वेळी आणि नंतरही त्याने बरेच घन गोळे गिळले, याची ती खूण.

१२. चंद्र, टायटन, प्लूटो यांना कोणत्या गटात घालायचं?

पुन्हा घनतेकडे पाहा. आपला चंद्र ३.३४ आणि गुरूचा आयो ३.५३: दोघेही खडकाचे. गुरूचाच गॅनिमीड १.९४, शनीचा टायटन १.८८, प्लूटो १.८५: खडक आणि पाण्याच्या बर्फाचं मिश्रण. इथला बर्फ मात्र खराच टणक बर्फ आहे, प्रश्न ९ मधला तापलेला द्रव नव्हे. टायटन आणि प्लूटो एवढे लहान असूनही त्यांच्यात बर्फ भरपूर आहे, कारण ते हिमरेषेपलीकडे जन्मले.

१३. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रहही याच दोन गटांत बसतात का?

बसत नाहीत, आणि त्यामुळेच हा विषय पुन्हा जिवंत झाला. पृथ्वीपेक्षा मोठे आणि नेपच्यूनपेक्षा लहान असे ग्रह इतर ताऱ्यांभोवती सर्रास सापडतात. आपल्या सूर्यमालेत तसा एकही नाही. त्यांतही पृथ्वीच्या पावणेदोन पटींच्या आसपास त्रिज्या असलेले ग्रह ठळकपणे कमी आहेत. या दरीच्या अलीकडचे ग्रह बहुतेक खडकाळ, पलीकडच्यांवर हलक्या वायूंचं किंवा पाण्याचं जाड आवरण. दुसऱ्या टोकाला केपलर-५१ या ताऱ्याभोवतीचे ग्रह. त्यांची घनता पाण्याच्या दशांशापेक्षाही कमी, इतके ते फुगलेले आहेत.

आणि इथे घनतेची कसोटी अपुरी पडते. २००९ मध्ये सापडलेला जीजे १२१४ बी हा ग्रह घ्या. वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ८ पट, त्रिज्या सुमारे पावणेतीन पट, घनता २ च्या थोडी वर. खडकाच्या गोळ्यावर हायड्रोजनची पातळ चादर घातली तरी हा आकडा येतो, आणि निम्मा ग्रह पाण्याचा धरला तरी येतो. एकाच वजन-मापाला दोन पाककृती जुळतात. त्यांतली खरी कोणती, हे शोधायला ग्रह ताऱ्यासमोरून जाताना त्याच्या वातावरणातून गाळून आलेला प्रकाश तपासावा लागतो. या ग्रहाच्या बाबतीत वरच्या दाट धुरकटाने तो बराच काळ अडवून धरला होता. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून एवढं दिसलं की वातावरण नुसत्या हायड्रोजनचं नाही, त्यात जड रेणू भरपूर आहेत.